पेडलवरचा पाय

प्रिय प्रणित,

हे फोनवर सांगता आलं नसतं. आपल्या घरात रेंज फक्त ओसरीत येते आणि तिथेच बाबांची खाट. म्हणून पत्र. ताईचं अक्षर वाचायला डोळे ताणावे लागतील, ताण जरा.

आधी आपल्या धाकट्या बहिणीची खबर, म्हणजे बाबांच्या जीपची. धानाची पोती घेऊन नागभीडला जाताना चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी मात्र जागची हलेना. वर जळका वास. फोर-व्हील टाकूनही तेच. गॅरेजवाल्या दसरूभाऊंनी हँडब्रेक ओढला, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते आपलं चालूच. क्लच घसरतोय म्हणाले. पेडल तपासलं, ठीक. आत तेल झिरपलं असेल म्हणून गिअरबॉक्स आणि फोर-व्हीलचा डबा दोन्ही खाली उतरवले, तर आत सगळं कोरडं ठणठणीत. क्लचची प्लेट तेवढी रिबिटांपर्यंत झिजलेली. आणि ती गेल्या दिवाळीतच नवी टाकलेली!

"प्लेट अशी आपोआप नाई जळत, सोमाजीभाऊ. तुमी पेडलवर पाय ठिवून चालवून राह्यले," दसरूभाऊ म्हणाले. झालं, बाबांचं टाळकं सरकलं. अख्खी हयात जंगलातल्या रस्त्यांवर गेली आणि हा मले शिकवते काय म्हणून घरी येऊन माझ्यावरच राग काढला. मीही मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे.

नवी प्लेट बसली तशी दसरूभाऊ बाबांच्या शेजारी बसले, मी मागे. गाव सुटलं नाही तोच बाबांचा डावा पाय पेडलवर. "भाऊ, पाय उचला." बाबा म्हणाले, "उचललाच त हाय." आणि पाय होता पेडलवरच. ते खोटं बोलत नव्हते रे, प्रणित. त्यांना खरंच वाटत होतं, पाय खाली आहे. दसरूभाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

गाडी म्हणजे लक्ष्मी, म्हणून बाबा चपला सीटखाली काढूनच चालवतात, तुला ठाऊक आहे. गिअरबॉक्सशेजारचा पत्रा तव्यासारखा तापतो, लहानपणी आपण पाय वर घेऊन बसायचो. घरी आल्यावर मी त्यांचा डावा तळवा पाहिला. टाचेला भाजलेलं, फोड फुटून जखम झालेली, आणि ह्यांना पत्ताच नाही. मला रडूच कोसळलं. तर म्हणतात, "दुखत नाई त काऊन रडते?" डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, बरीच जुनी; तिनंच पाय बधिर केलाय.

आता गाडी मी चालवते. हसू नकोस, चिमूरच्या बाजारापर्यंत नेते. बाबा डाव्या बाजूला बसून माझ्या प्रत्येक गिअरला नावं ठेवतात.

जखम भरत नाही. नागपूरला न्या, उशीर केला तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. बाबा हलायला तयार नाहीत. आपण दवाखान्यात गेलो की पोरगं मागे जीप विकेल, ही त्यांची भीती. दरवेळी फोनवर तू तेच म्हणतोस ना, विका म्हणून? फोन करू नकोस, ये. गाडी विकायची नाही, हे तुझ्या तोंडून त्यांना सांग, आणि आपण त्याच गाडीतून त्यांना नेऊ. परवा चढावर मी क्लच सोडला तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "दीपा, पाय खालीच हाय ना माहा?" त्यांच्या बाजूला पेडल नाही रे. मी हो म्हटलं. जन्मात कुणाला रस्ता न विचारलेला माणूस आता स्वतःचा पाय कुठे आहे ते मला विचारतोय. लवकर निघ.

तुझीच,
दीपालीताई