कार्डाच्या पाठीवरचा नंबर

२ मार्च, रविवार

— आणि मुद्दा अजून तिथेच अडकलाय. फी भरायची, की क्रेडिट कार्ड बंद करायचं?

जेवताना पुन्हा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. पहिल्या वर्षी फी माफ होती, आता पंचवीस तारखेला पूर्ण भरायची. माझ्या महिन्याच्या पगाराचा चांगला तिसरा हिस्सा! आई म्हणाली, "म्हणजे खर्च आपण करायचा, दर महिन्याला बिल आपणच फेडायचं, आणि वर त्या कार्डाला वर्षाचा पगार?"

मी म्हटलं, अगं पॉइंट्स मिळतात, पॉइंट्सवर विमानाची तिकिटं मिळतात. एअरपोर्टवर लाउंज मिळतो.

"त्यात काय असतं?"

खुर्च्या. खायला-प्यायला. शांतता.

"खुर्च्या आपल्याकडे आहेत. शांतता तू गप्प बसलीस तर मिळेल."

बाबा हसले. गंमत म्हणजे, एरवी पैशाचा विषय निघाला की पहिलं 'नाही' बाबांचं. आज नुसतं म्हणाले, "घाई काय आहे? पंचवीस तारीख लांब आहे." आणि चप्पल घालून दुकानात गेले. रविवारी दुकान बंद असतं. "काचा पुसून येतो."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "घरातल्या काचा पुसायला सांग, मग बघ."

४ मार्च, मंगळवार

पॉइंट्स कसे जमले ते लिहून ठेवते. नंतर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मी एकटी काय खर्च करणार? दातांच्या लॅबमध्ये ज्युनियर आहे, कॉम्प्युटरवर लोकांच्या दाढा डिझाइन करते. पण आमच्या घरात गेलं वर्षभर कुणी साधा पंखा घेतला तरी आधी मला फोन — "थांबलोय दुकानात, ये, तुझ्या कार्डावर टाकू." मी जायचं, स्वाइप करायचं, त्यांनी तिथल्या तिथे पैसे हातात ठेवायचे. मावशीने वॉशिंग मशीन घेतलं, म्हणाली, "तुझ्या विमानाचं एक चाक माझं." मामाने गाद्या घेतल्या. तो म्हणतो झोपायची सीट त्याची.

कारण मला तीच हवीये. पूर्ण आडवी होणारी सीट! मी तिचे इतके व्हिडिओ बघितलेत की बटण कुठे असतं ते झोपेत सांगेन. कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. लांब कुठेतरी. जितकं लांब तितकं जास्त झोपता येईल.

लॅबमध्ये सिरॅमिकवाल्या काकांना (दातावर पोर्सिलेनचे थर चढवतात, हात इतका स्थिर की बघत राहावं) व्हिडिओ दाखवला. त्यांनी ब्रश न थांबवता बघितला. "आडवं पडूनच जायचं असेल तर ॲम्ब्युलन्स आहे की. ती फी पण नाही घेत."

आज एका आजोबांच्या चार दाढा केल्या. छान झाल्या.

८ मार्च, शनिवार

हाफ डे होता, म्हणून बाबांच्या दुकानात गेले. फ्रेमचं दुकान. लाकडाच्या भुशाचा आणि गोंदाचा वास, भिंतीवर नुसते कोपरे लटकवलेले — गिऱ्हाइकाने कोपरा बघून फ्रेम निवडायची. लहानपणी मला वाटायचं या सगळ्या फ्रेमा हरवल्यात आणि फक्त कोपरे सापडलेत.

बाबा एका फ्रेमच्या मागे कागदी टेप लावत होते. टेप घासून बसवायला हातात काय होतं? माझं कार्ड! म्हणजे त्यांचं — मी माझ्या खात्यावर त्यांना ॲड-ऑन कार्ड काढून दिलं होतं ते. मेटलचं. घासून घासून चिप निस्तेज झालीय, नाव गेलंय.

"बाबा, हे प्रीमियम कार्ड आहे."

"म्हणून तर. आधीची पट्टी वाकायची. याच्यासारखी कड कशालाच नाही."

"एकदा तरी स्वाइप केलंत का?"

"रोज करतो," म्हणाले आणि टेपवरून सर्रकन फिरवलं.

पाठीमागे मात्र एका कोपऱ्यावर पारदर्शक टेप चिकटवलाय. बोट घसरू नये म्हणून असेल.

वरच्या फळीवर एक मोठी फ्रेम ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळलेली दिसली. त्यांच्याकडे प्रत्येक पार्सलवर गिऱ्हाइकाचं नाव असतं, यावर नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "आहे एकाची. घ्यायला यायचाय."

बाजूलाच ताईचं स्टूल. अजून तिथेच आहे, त्यावर कुणाला बसू देत नाहीत, सामानसुद्धा ठेवत नाहीत. ताईला दुकानाचं सगळं यायचं. बाबांनी मनात धरलंच होतं की पुढे तीच चालवणार. दोन वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तेव्हा ते दारात सगळ्यांसमोर बोलून गेले, "सहा महिन्यांत परत येशील. तोवर मी काही तिकडे येत नाही."

भांडण वगैरे अजिबात नाही. ती सुट्टीला येते, बाबांच्या डोक्याला तेल लावून देते, फोनवर दोघं गोंदाच्या ब्रँडवर अर्धा तास बोलतात. आई दोनदा तिच्याकडे राहून आली. मीही गेले. पण बाबांचं ते 'तोवर' अजून संपलेलं नाही. विचारलं की, "दुकान कोण बघणार?"

९ मार्च, रविवार

बाबा काचा पुसायला गेले. मी बसून हिशोब केला. अख्ख्या वर्षात लाउंजला एकदा गेले, तेही फ्लाइट लेट म्हणून. हॉटेलची सूट वापरली नाही. कार्डवाल्यांच्या ट्रॅव्हल डेस्कला फोन करून प्रवासाचं हवं ते विचारता येतं, तो तर माझ्याकडून झालाच नाही. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

ॲक्च्युअली वर्थ इट नाहीये. ठरलं, बंद.

११ मार्च, मंगळवार

नाही ठरलं. लंचमध्ये लॅबच्या जिन्यात बसून कार्ड बंद करायला फोन केला. आधी बोलायची वाक्यं पाठ केली होती! फोनवरचा माणूस फार गोड बोलणारा. म्हणाला, "मॅडम, कारण विचारू शकतो का?" मी म्हटलं, आम्ही काही वापरतच नाही.

टायपिंगचा आवाज आला. मग म्हणाला, "पण मॅडम, तुमच्या अकाउंटवरून ट्रॅव्हल डेस्कचा वापर खूप आहे. दर रविवारी कॉल असतो."

म्हटलं, चूक असेल.

"ॲड-ऑन मेंबर आहेत ना, सीनियर? बऱ्याचदा मीच घेतो त्यांचा कॉल." त्याचा आवाज एकदम घरातला झाला. "ते एकाच शहराचं विचारतात. सकाळची फ्लाइट, खिडकीची सीट. उतरल्यावर किती चालायला लागतं. मी सगळं सांगतो. मग म्हणतात, 'बरं, बघतो,' आणि ठेवतात."

शहर विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. ताईचंच.

"आणि फ्रेमचं विचारतात," तो म्हणाला. "काच लावलेली मोठी फ्रेम सोबत नेता येईल का. मी त्यांना म्हटलं, सर, काचेची खात्री देता येणार नाही, ॲक्रिलिक लावा, ते फुटत नाही. त्यांना पटलं नाही. म्हणाले, ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात, माझ्या मुलीला कळतं, ती हसेल मला." मग म्हणाला, "मॅडम, मी जास्त बोललो का? तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. तर, कार्ड बंद करायची रिक्वेस्ट टाकू?"

मी म्हटलं, नको. थांबा. पंचवीस तारीख लांब आहे.

नंतरच्या दाढेचा बाइट, म्हणजे समोरच्या दाताशी जुळणी, चुकला. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, म्हणाले, "ही दाढ घालून माणूस घास चावेल की जीभ?"

१२ मार्च, बुधवार

बाबांच्या कार्डामागचा तो पारदर्शक टेप ट्रॅव्हल डेस्कच्या नंबरवर लावलाय. नंबर घासून जाऊ नये म्हणून.

१५ मार्च, शनिवार

चार दिवस डोक्यात हेच.

सोपं उत्तर आहे. माझ्या पॉइंट्सवर आत्ता बाबांचं तिकीट काढायचं, हातात द्यायचं, कार्ड बंद करायचं, फी वाचली. पण मी बाबांना ओळखते. म्हणतील, "तुझे पॉइंट्स का घालवलेस? रद्द कर." आणि मुख्य म्हणजे, त्यांना कळेल की मला कळलंय. मग रविवारचा फोनसुद्धा बंद. इतके दिवस एक-एक पाऊल टाकत कुठवर आलेत ते मला माहीत नाही, आणि मध्येच मी मागून ढकलायचं? लहानपणी सायकल शिकवताना त्यांनी मला एकदाही ढकललं नाही. नुसते सोबत चालत राहायचे.

नाहीतर फी भरायची. म्हणजे अजून एक वर्षभर त्यांना विचारता येईल, खिडकीची सीट आहे का.

ताईचा फोन आला. मी काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुझे बाबा काय म्हणतात?" (भाव खायचा असला की 'तुझे' बाबा.) "परवा मला विचारत होते, तुमच्याकडे सकाळी ऊन कुठल्या भिंतीवर येतं. म्हटलं का हो? तर म्हणे, असंच."

ऊन ज्या भिंतीवर येतं तिथे बाबा कधीच फ्रेम लावू देत नाहीत. फोटोचा रंग उडतो.

मी फोन आईला दिला आणि नळ उगाच मोठा सोडून ग्लास धुवत बसले.

१६ मार्च, रविवार

बाबा काचा पुसायला गेले. आई म्हणाली, "तू पण जा सोबत." मी म्हटलं, मला काम आहे. आईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. हिला माहीत आहे की काय?

१९ मार्च, बुधवार

लॅबमधून येताना दुकानात डोकावले. ब्राऊन पेपर खाली पडला होता. ती फ्रेम टेबलावर उताणी, आत फोटोच नाही. नुसता माउंटचा पांढरा पुठ्ठा, मध्ये रिकामी चौकट.

काच काढून बाजूला उभी केलेली, आणि बाबा कापत होते ॲक्रिलिक! बाबा, ज्यांनी ॲक्रिलिक मागणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा शेजारच्या प्लास्टिकच्या दुकानाचा पत्ता दिला होता.

मी म्हटलं, "हे काय?"

"गिऱ्हाइकाचा हट्ट," म्हणाले. वर बघितलं नाही. "त्याला लांब न्यायचीये."

"आणि फोटो?"

"तिकडे गेल्यावर तिकडचाच लावेल. जागा बघून."

मी ताईच्या स्टुलावर बसले. उठ म्हणाले नाहीत. ॲक्रिलिकवरची फिल्म सोलायला एक कोपरा माझ्याकडे दिला. दोघांनी मिळून सोलली, अगदी हळू, ओरखडा न उठू देता.

२२ मार्च, शनिवार

फी भरली. पूर्ण.

आईला सांगितलं. मला वाटलं आता ऐकवणार. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. हिला नक्कीच माहीत आहे.

२३ मार्च, रविवार

बाबा काचा पुसायला गेले आणि थोड्या वेळाने माझा फोन वाजला. तोच गोड आवाजाचा माणूस. "मॅडम, तुमच्या पॉइंट्सवर एक बुकिंग आहे, तुमची परवानगी लागते. सर दुसऱ्या लाइनवर थांबलेत. म्हणाले, मुलीला फार समजावत बसू नका, नको म्हणाली तर पैसे भरतो. येत्या शुक्रवारचं, सकाळचं, खिडकीची सीट. एक मोठी फ्रेम सोबत."

मी म्हटलं, हो. हो, टाका. आणि परतीचं?

"ते विचारलं मी. म्हणाले, परतीची तारीख तिकडच्या मुलीला विचारून सांगतो. ती म्हणेल तेव्हा."

रविवार सोडून दुकान एक दिवस बंद न ठेवणारा माणूस! आडवी सीट गेली, मामाला सांगावं लागेल. आता जिन्यात चपलेचा आवाज येतोय. ते आत येऊन म्हणणार, "झाल्या काचा पुसून" — तूच सांग, मी तेव्हा कसला चेहरा करू?