पहिली चिंधी

१८ नोव्हेंबर

शिडी धरून उभी होते. वरून कलाविभागाचा माणूस म्हणाला, "ही आपली नाही."

त्याच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये झाडाचा कालचा फोटो. फोटोतल्या चिंध्या लाल. सगळ्या आमच्या, मुंबईहून गोणीत आलेल्या, चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या केलेल्या. आज झाडावर एक निळी जास्त होती. पिवळ्या काठाची. त्यानं गाठीला हात घातला, तेवढ्यात धानाच्या भाऱ्यांच्या पुंजण्याआडून फुलनबाई धावत आली. शेत तिचं, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, हे मोहाचं झाडही तिचं.

"हात नोको लावू बापा! बांधली ते बांधली."

दिग्दर्शक रेवतीनं विचारलं, कोणी बांधली? फुलनबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थ्रेशर पुन्हा सुरू झालं.

रेवतीनं डोळा बारीक करून झाडाकडे पाहिलं. म्हणाली, फ्रेममध्ये बरी दिसते, राहू दे.

संध्याकाळी फुलचूरला घरी. आईला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता हसली. "तुमीच त चिंधीदेव बसवला, आन तुमीच इचारता कोनं बांधली!"

१९ नोव्हेंबर

सिनेमाची गोष्ट. शहरातली मुलगी आजोळी येते. गाव एका झाडाला भजतं. झाडाला दर पिढीत एक माणूस लागतो. शेवटी मुलगी झाड पेटवते. माझं काम एवढंच की नटांच्या तोंडी इथली बोली बसवायची. कॉलेजला सत्राची सुटी आहे, म्हणून हो म्हटलं.

आज गोरेगावचा, म्हणजे आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावचा, आठवडी बाजार. आतल्या गावांची वाट याच धुऱ्याशेजारून जाते. बाजाराहून परतणारे झाडापाशी थांबत होते. पदराची कड, गमछ्याचा कोपरा, पिशवीचा फाटका बंद. फाडायचा, बांधायचा, चालू लागायचं. एकानं मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही.

कलाविभागानं फोटोशी जुळवणं सोडून दिलं.

मी या जिल्ह्यातली. वाटेवर चिंध्यांचं झाड दिसलं की जाणारा एक बांधतो, हे मला लहानपणापासून माहीत. तरी लाल गोणी उघडली तेव्हा एक शब्द बोलले नाही. सुचलंच नाही. ते सेट होतं ना.

२१ नोव्हेंबर

मडावीबाबा आमच्या सिनेमात पुजारी आहेत. गावातही तेच. गोंडांचे भुमक. सिनेमात मरतात. मरण्याचं दृश्य काल ठीक झालं होतं, आज त्यांनी पुन्हा घ्यायला लावलं. "बराबर नाही मेलो जी. पाय हालला."

दुसऱ्यांदा बरोबर मेले. टाळ्या वाजल्या.

चहाच्या वेळी रेवतीनं त्यांना झाडाखाली नेलं. बाबा, या लोकांच्या चिंध्यांचं काय करू?

"मले काऊन इचारता? हा माहा देव नोहोय. माह्या देवाले म्या वळखतो. याले तुमीनं आनलं."

"आम्ही फक्त सजावट केली होती हो."

"असन. पयली चिंधी कोनं बांधली?"

रेवतीनं हात वर केला. मुहूर्ताच्या दिवशी तिनंच बांधली होती, सगळ्यांनी फोटो काढले होते.

"मंग याच्या भुमक तुमी." आणि बशीतला चहा संपवला.

सगळे हसले. रेवतीही. पण दुपारनंतर दोन बायका येऊन तिच्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. ती मला हळूच म्हणाली, मी काय करायचंय?  फुलनबाई जवळून भारा घेऊन चालली होती, तिनं सांगितलं, "काई नोका करू. आयका."

रेवतीनं मॉनिटरसमोरची खुर्ची फिरवली. ऐकत बसली. मधून माझ्याकडे पाही, शब्द अडला की मी सांगे. शूट तासभर थांबलं. उजेड गेला.

२२ नोव्हेंबर

सुटी. अंगणात ऊन.

या जातीच्या सिनेमांचा एक नियम दिसतो. जुना देव उपाशी असतो. गाव दबा धरून पाहुण्याची वाट बघत असतं. आणि पाहुणा शेवटी आपणच असतो, तिकीट काढून आलेला. वर्गात मी "आदिम" हा शब्द किती सहज वापरते.

इथला देव फाटक्या काठावर भागवतो. गाव धान मळून राहिलं आहे, त्याला आमच्याकडे बघायला वेळ नाही.

आमच्या घरात देव नाहीत. छप्पन साली आजोबांनी देव्हारा तळ्यात सोडला आणि परत येताना मागे पाहिलं नाही, असं आई सांगते. त्यामुळे मला कधी कोणत्या झाडाची भीती वाटली नाही. आजोबांचे हे उपकार. आणि त्यामुळेच असेल, दुसऱ्याच्या झाडापाशी मला नुसतं उभं राहता येतं. हेही त्यांचंच.

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मागं पाहिलं नाही, कारन पाठीमागं कुत्रा लागला होता." खरं की खोटं, तिचं तीच जाणे.

२४ नोव्हेंबर

शेवटच्या दृश्याची तालीम. नटीच्या हातात मशाल. मशाल म्हणजे आज नुसती काठी. तिच्या तोंडी माझी ओळ: "जरू दे. हा देव नोहोताच." चार वेळा बदलून ही ठेवली आहे. मला आवडते. "जळू" नको, "जरू" म्हण, असं तिला सांगत होते. तीही मोठ्यानं म्हणत होती, पुन्हा पुन्हा.

मागं चहाचा ट्रे घेऊन सरिता उभी. फुलनबाईची सून. दिवस भरत आलेले. याआधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, हे फुलनबाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिला चालायला लावू नका, असंही. पण ती ऐकत नाही, शूटिंग बघायला येते.

ट्रे खाली ठेवून म्हणाली, "म्याडम, खरंच जारनार हाय काय?"

म्हटलं, हो, सिनेमात.

"झाड त हेच ना?"

हेच.

"मंग माही पन जरन."

निळी. पिवळ्या काठाची. तिच्या लग्नातल्या लुगड्याची.

तू सोडून घे ना, म्हणणार होते. म्हटलं नाही. बांधलेली कोणी सोडत नाही. ती आपोआप गळून पडेपर्यंत तिथंच.

घरी येताना बसमध्ये माझी ओळ आठवत होती. वाईट ओळ नाही. त्या जागी चूक आहे.

२५ नोव्हेंबर

रेवतीला सांगितलं. तिनं आधी सरळ उपाय विचारला, सरितानं सोडून घेतली तर? नाही. आपण हलक्या हातानं दुसऱ्या फांदीवर? नाही. दुसरी नवी बांधली तर? मी मान हलवली.

"पण हे मी केलंय. गोणीतून काढलंय. नकली आहे."

"हो."

"मग?"

मी नुसतं झाडाकडे बोट दाखवलं. साहित्य शिकवते, तरी.

निर्मात्याचं म्हणणं, पोस्टर छापून झालं आहे. पोस्टरवर जळतं झाड. झाड जळालं नाही तर सिनेमा कशाचा? त्याचंही चूक नाही. आम्ही सगळे त्याच्याच जिवावर इथे जेवतो आहोत.

जाताना रेवती म्हणाली, हे तू मला शूट झाल्यावर सांगू शकली असतीस. म्हटलं, सांगू शकले असते. ती म्हणाली, बरं केलंस. आणि चिडून निघून गेली. दोन्ही खरं होतं.

२७ नोव्हेंबर

तोड निघाली. तळ्यापलीकडे पडीक जागेत एक वाळलेला पळस आहे. सरपंचांची परवानगी मिळाली. तोच मोह म्हणून दाखवायचा आणि जाळायचा. नव्या लाल चिंध्या सकाळी लावल्या. मोहाकडे कोणी जायचं नाही.

या वेळी चूक नको म्हणून राजूला पळसाखाली बसवलं. राजू आमचा ड्रायव्हर, गोंदियाचा. काम एकच, कोणी चिंधी बांधू नये. त्यानं गाडीतली चटई नेली, मोबाइलवर गाणी लावली. आले-गेले त्याला विचारत, "काऊन बसला बे इथं?" तो म्हणे, "भगवान को भगा रहा हूँ."

पाचला आम्ही गेलो. लाल चिंध्यांमध्ये एक हिरवी.

रेवतीनं शांतपणे विचारलं, राजू, कोण आलं होतं?

"कोई नहीं मैडम."

"मग ही?"

त्यानं खाली पाहिलं. त्याच्या गाडी पुसायच्या फडक्याचा कोपरा फाटलेला होता.

"दिन भर उसके नीचे बैठा मैडम. खाली हाथ अच्छा नहीं लगा. माँ का आँख का ऑपरेशन है."

रेवती तिथंच मातीत बसली. आधी वाटलं, रडते आहे. हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. मग आम्ही सगळेच. राजूला कळेना, रागवावं की हसावं. कलाविभागाच्या माणसानं त्याला पाठीत धपाटा घातला. "तेरे को भगाने को बिठाया था, और तूने बिठा दिया!"

किती दिवसांनी इतकी हसले. लिहून ठेवते.

पळस मात्र हातचा गेला. राजूच्या आईचे डोळे आहेत त्यावर.

२९ नोव्हेंबर

शूटचा शेवटचा दिवस. सकाळीच सिनेमातली आग लावणारी माणसं आली. मोहाखाली गॅसची नळी, बाजूला पाण्याचा टँकर. रेवतीनं रात्री कोणाला काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मोहच जाळायचं ठरलं. बाजूला जाऊन उभी राहिले.

नवाच्या सुमारास सरिताच्या कळा सुरू झाल्या. दिवस भरण्याआधीच. फोन केला तर रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. फुलनबाई धावत आली ती सरळ रेवतीकडे. "बाई, गाडी पायजे!"

राजूनं गाडी वळवेपर्यंत सरिताला खाटेवर बसवून आणलं होतं. गाडी झाडापाशीच उभी. तिनं गॅसची नळी पाहिली. टँकर पाहिला.  दाराला घट्ट धरून राहिली, आत बसेना.

"बस ना वो माय," फुलनबाई म्हणत होती. "बस ना."

रेवती पुढे आली. सरिताचा हात दारावरून सोडवला. आपल्या पुणेरी मराठीत म्हणाली, "मी आहे इथं. झाडाला काही होणार नाही. तू जा."

सरितानं विचारलं, "तुमी हाव ना इथं?"

"आहे."

तेव्हा बसली.

गाडीची धूळ खाली बसली. आगीचा माणूस म्हणाला, मैडम, रेडी. रेवती म्हणाली, नळी काढा.

मग फोन. फोनवर फोन. एक घेतला, उभ्या उभ्या ऐकलं, "मी शब्द दिलाय" एवढंच म्हणाली. नंतर फोन धानाच्या पोत्यावर ठेवून दिला. तिथं तो वाजत राहिला, पोतं थरथरत होतं. मडावीबाबा आले, पाहिलं, म्हणाले, "उचला ना जी, कोनी मेलं बिलं असन." रेवती म्हणाली, मीच. बाबा म्हणाले, "बराबर मरा मंग."

दुपारी नटीला झाडाखाली बसवलं. तिनं विचारलं, मी काय म्हणू? काही नको. मशाल? नको. मग करू काय? "बस. वारा आला की वर बघ." वारा आला. तिनं वर पाहिलं. लाल, निळ्या, हिरव्या, पांढऱ्या. कॅमेरा बराच वेळ चालू होता. माझी ओळ गेली. हलकं वाटलं.

हा शेवट सिनेमाला पुरेल का, माहीत नाही. निर्माता दुसरं कोणी आणून दुसरीकडे दुसरं झाड जाळेलही. रेवती म्हणाली, जाळेल. पण त्यावरची पहिली चिंधी मी बांधलेली नसेल.

ती झाडाखालून हलली नाही. उजेड गेल्यावर सामान भरलं, तरी तिथंच. मी शेवटच्या बसनं निघाले. म्हणाली, तिकडचं कळव. मी कळेपर्यंत इथं आहे. शब्द दिलाय ना.

काय झालं असेल. आई म्हणते, जेव आधी.

३० नोव्हेंबर

सकाळी दार वाजलं. फुलनबाई. दवाखान्यातून पायी आली होती, फुलचूर जवळ म्हणून. मुलगी झाली. पहाटे. दोघी बऱ्या. तिच्या हातात नारळ.

रेवतीला फोन लावला. राजूनं उचलला. दवाखान्यातून परतून मॅडमला त्यानंच बातमी दिली, तशी ती झाडाखालून उठली. आता गाडीत मागे झोपली आहे, निर्मात्यानं नागपूरला बोलावलंय, पुढचं माहीत नाही.

फुलनबाईनं नारळ माझ्यापुढे धरला. "त्याईचा मान होता. त्याई गेल्या, त तुमी घ्या."

आई स्वयंपाकघरातून आली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली उभी राहिली. "आमी फोडत नाही जी."

"मले मालूम हाय. फोडू नोका. ठेवा. त्या बाई येतवर."

आईनं नारळ घेतला. हलवून पाहिला, पाणी वाजलं. ओट्यावर ठेवला आणि चहा टाकला.

चहा पिऊन फुलनबाई चटईवर आडवी झाली. लगेच झोप लागली.