द्राक्षाच्या वेलाची सळई

प्रिय लेव्कोदादा,

तुझं पत्र पोचलं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, मेलान्या. शाळेतल्या पोरांच्या नादी लागून बाबांची अब्रू वेशीवर टांगू नकोस,’ असं लिहिलं आहेस. चार वेळा वाचलं. पण मूठ उघडली आहे, आणि ती मीच उघडली. तेव्हा आधी काय रागवायचं ते रागावून घे, मग पुढचं वाच.

येत्या शनिवारी आमची मुलं तेहतीस साली सरकारनं धान्य काढून नेल्यावर उपासमारीत गेलेल्यांची नावं स्मशानाच्या कडेला उभी राहून वाचणार आहेत. साठ वर्षांत पहिल्यांदाच. पाचसहा वर्षांपूर्वी हा विषय वर्गात नुसता काढला असता, तरी माझी नोकरी गेली असती. आता सातवीची पोरं वह्या घेऊन घरोघर फिरतात, म्हाताऱ्यांना बोलतं करतात. दोनशे अकरा नावं जमली. त्या काळच्या वस्तूही आल्या: हातजातं, झाडाच्या सालीचं पीठ चाळायची चाळण, धान्य पुरून ठेवलेलं मडकं. हेडमास्तर धास्तावलेत. “बाई, फार खोलात जाऊ नका,” म्हणाले. तर सोलोमिया म्हणून एक पोरगी आहे, जिभेला हाड नाही तिच्या, ती म्हणते कशी, “सर, खोलात गेल्याशिवाय मडकं सापडलं असतं का?”

हीच सोलोमिया गेल्या मंगळवारी आपल्या अंगणात आली. मी द्राक्षं उतरवत होते. वेलाला आधार दिलेल्या सळईपाशी ती थबकली. म्हणाली, “बाई, ही तर तीच! पारास्काआजीनं चित्र काढून दाखवली तश्शी. टोकाला खाच. जमिनीत खुपसून वर काढली की पुरलेले दाणे अडकून येतात.” मी म्हटलं, “छे गं, ही वेलाचीच.” तिनं वही मिटली आणि ती निघून गेली. तीस वर्षं मी मुलांना ‘खोटं बोलू नका’ म्हणून कोपऱ्यात उभं करत आले, दादा. त्या दिवशी मलाच कोपऱ्यात उभं राहावंसं वाटलं.

कारण मला माहीत होतं, आणि तुलाही. नाहीतर बाबांना पुरून आल्यावर ‘ती सळई तळ्यात टाक’ असं तू का म्हणाला असतास? बाबांनी आपल्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, मला गोवर झाला तेव्हा अकरा दिवस उशाशी बसले. तेच बाबा बाविसाव्या वर्षी, वरून हुकूम आला म्हणून, ती सळई घेऊन घराघरांत शिरले, आणि लोकांच्या चुलीखालचं शेवटचं मूठभर बी उपसून नेलं. दोन्ही बाबा खरे. मला त्यांतला एकही टाकता येत नाही. त्यांनीही सळई टाकली नव्हती. अंगणात, रोज डोळ्यांसमोर रोवून ठेवली होती आणि जन्मभर तोंडात मिठाची गुळणी धरली.

बुधवारी मी वर्गात सळई नेली, आणि आदल्या दिवशी खोटं बोलले हे सांगितलं. बाबांचं नावही सांगितलं. मग सोलोमियानं विचारलं, “मग बाई, शनिवारी हिच्याजवळ कोण उभं राहणार?” प्रत्येक वस्तूपाशी त्या घरचं माणूस उभं राहायचं, असं मुलांनीच ठरवलंय. मी म्हटलं, मी.

पण पारास्कामावशीला विचारल्याशिवाय ते बरं दिसलं नसतं. आठवतं, आईनं तिला ईस्टरचा पाव पाठवला की ती तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकायची? कणभर पाव वाया न घालवणारी बाई, पण आपल्या घरचा कधी खाल्ला नाही. आपण तिला ‘नाकवाली’ म्हणून चिडवायचो. लाज वाटते. परवा मी सळई आणि पाव दोन्ही घेऊन गेले. तिनं सळईच्या वाकलेल्या टोकावर बोट फिरवलं. “आमच्या चुलीच्या दगडावर वाकली ही,” म्हणाली. “तेव्हा बारा वर्षांची होते मी. घरात सात जण होतो, उन्हाळ्यापर्यंत मी एकटी उरले.” मी रडले. ती रडली नाही. उलट मलाच म्हणाली, “पुरे गं, नाक पूस, मास्तरीणबाई आहेस तू.” पाव मात्र फडताळात ठेवला. “शनिवारनंतर बघू,” म्हणाली.

दादा, हे पत्र परवानगीसाठी नाही. सळई मी धरणार, ते ठरलंय. मी लिहितेय ते तिचा निरोप पोचवायला. निघताना तिनं मला उंबऱ्याशी थांबवून विचारलं, “लेव्कोचा आवाज अजून बापासारखाच आहे का गं?” मी हो म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, “याच दारात त्या आवाजानं ‘उघडा’ म्हटलं होतं. साठ वर्षं तेवढंच ऐकतेय मी. आमच्या सहा जणांची नावं लेव्कोला वाचायला सांग. त्या आवाजात मला एकदा ती ऐकायची आहेत.” तू आला नाहीस, तर मी वाचीन. नावं राहणार नाहीत. पण माझा आवाज आईवर गेलाय. खारकिवहून पहाटेची बस अकराला पोचते, नावं बाराला सुरू होतील. कागदावर ती सहा नावं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहेत, तुला चष्म्याशिवाय दिसतील अशी.

फाट्यावर तुझी वाट बघत उभी असेन,
तुझीच,
मेलान्या