साहेबाला सांगितलेला शब्द

नाना, काल धाकट्या नणंदेला इंग्रजी शिकवताना 'डर्ट' हा शब्द आला. अंगावरचा मळ, केरसुणीखालचा कचरा, कापसातली पानाची कुसळं, असे एकेक अर्थ मी सांगत गेले. शेवटी मातीवर आले तेव्हा ती म्हणाली, "शेतातली मातीसुद्धा? मग वहिनी, ते लोक पेरतात तरी कशात?" घरातले सगळे हसले. मी पुढचा शब्द घेतला, पण रात्रीपर्यंत मन अकोल्यात नव्हतं.

अमरावतीच्या माहेरचा ओटा आठवत होता. तिकडे अमेरिकेत लढाई लागली होती आणि इकडे कापूस सोन्याच्या भावाने जात होता. तुम्ही कापूस घेणाऱ्या साहेबाकडे दुभाषी होतात. कापसाच्या गाठी दाबायच्या यंत्राचं लाकूडकाम करायला मुंबईहून एक चिनी सुतार आणला होता. त्याला साहेबाचं बोलणं कळेना, म्हणून संध्याकाळी तुम्ही त्याला आणि मला बरोबरच शिकवायचात. मी ओट्यावर, तो खाली पायरीवर. तुम्ही आमच्यापुढे अंगणातली माती ठेवलीत, सुपातला कचरा ठेवलात, स्वतःच्या अंगरख्याची मळकी बाही दाखवलीत, आणि तिन्ही वेळा एकच शब्द म्हणालात. "मातीलाही?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "विलायतेचे साहेब फारसे म्हणत नाहीत, हा अमेरिकेचा आहे, हा म्हणतो." सुतार मान हलवत राहिला. त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "हमारे में मिट्टी अलग, मैल अलग." आपल्यातही तसंच, असं मी म्हणताच तुम्ही रागावलात. "साहेबाची भाषा शिकायची तर त्याच्या डोळ्यांनी बघायचं. आणि शब्द अंदाजाने वापरायचा नाही." मी घाबरून तो शब्द घोकत बसले. सुतार उठून गेला, तशी आईने रोजच्यासारखं पायरीवर पाणी ओतलं. तो फाटकापाशी थांबला होता. त्याने वळून पाहिलं आणि अगदी शिकणाऱ्याच्या आवाजात तुम्हाला विचारलं, "मास्टरजी, ये भी डर्ट?" तुम्ही बाही झटकत आत गेलात. दुसऱ्या दिवशी तो आला आणि पायरीवर न बसता अंगणात उभा राहून शिकला.

पुढे आई बाळंतपणाला अचलपूरला गेली, म्हणून तुम्ही मला कापसाच्या बाजारात बरोबर नेऊ लागलात. तिथली एक सकाळ अजून माझ्यासमोर आहे. वलगावची एक गाडी उभी आहे, बैल सोडलेले, नवरा-बायको चाकाशी. साहेब वरच्या कापसात हात घालतो आणि एक ओलसर गोळा बाहेर काढतो. कुंकू, दहीभात आणि शेतातली काळी माती लागलेला कापूस. "डर्ट," साहेब ओरडतो. माती मिसळून वजन वाढवलं असं एकदा ठरलं की ती गाडी बाजारात कोणीच घेत नसे, हे मलाही ठाऊक होतं. बाई पुढे येते. "थे सीतादहीचं हाय जी. पयल्या वेचणीले झाडाची पूजा केली, त्याचाच कापूस. म्याच ठिवला."

नवरा तिच्यावर खेकसतो, "तुले कोनं सांगतलं होतं वरतच ठिवाले?"

"वरतं नाई त काय बुडाशी ठिवू? देव का बुडाशी रायते?"

साहेब तुमच्याकडे पाहतो. तुम्ही तो गोळा हातात घेता आणि इंग्रजीत म्हणता, हो साहेब, डर्ट आहे, पण एवढा गोळाच. बाकी गाडी स्वच्छ आहे. साहेब आणखी दोन ठिकाणी हात घालून बघतो आणि गाडी आत सोडतो. बाई विचारते, "काय सांगतलं जी साहेबाले?" तुम्ही म्हणता, "देवाचं आहे, असं सांगितलं." ती तुम्हाला हात जोडते.

परत येताना मी विचारलं, "नाना, ते डर्ट होतं?" तुम्ही म्हणालात, "गाडी गेली ना आत?" आणि पुढे चालू लागलात. तो गोळा मात्र तुमच्या उपरण्याच्या टोकाला बांधलेला होता. त्याचं पुढे काय केलंत, मला माहीत नाही. त्याच पावसाळ्यात पटकीने तुम्ही गेलात आणि विचारायचं राहिलं.

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पाण्याच्या घागरीला हात लागला की नाही, यावरही मी अर्धा दिवस घालवते. इतकी वर्षं माझ्या मनात एकच होतं, की तुम्ही त्या बाईशी खोटं बोललात, आणि तिने त्यासाठी हात जोडले. काल रात्री प्रथमच उलट वाटलं. बाईला सांगितलंत ते खरं होतं, फक्त ते साहेबाला सांगितलेलं नव्हतं. खोटं बोललात ते साहेबाशी, देवाच्या कापसाला डर्ट म्हणून. हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, आणि असतं तरी पाठवलं नसतं, कारण खालची ओळ तुम्हाला वाचू देण्याची मला लाज वाटते. खोटं साहेबाशी होतं असं ठरल्यावर मला शांत झोप लागली.