अरासेनाचा मुक्काम कुणी सांगितला?

लाडक्या लुर्देसताई,

साफ्राहून तुझ्या मेनाचे पुष्कळ मुके. गुडघा कसा आहे?

माझी काळजी नको. फेर्मीनचा बाप रामीरो गेल्यापासून झाकून ठेवलेली त्याची मोटरसायकल दुरुस्त होऊन आली. अरासेना, सेव्हिया, लिस्बन करत एकटीच तुझ्या दारात येणार.

पण काल जेवताना फेर्मीन म्हणाला, "आई, मंगळवारी मलाही अरासेनाला काम आहे."

"दातांच्या डॉक्टरचं तिथे डोंगरात काय काम?"

"तिथल्या डुकरांनाही दात असतात, आई."

ताई, अरासेनाचा मंगळवारचा मुक्काम मी फक्त तुलाच कळवला होता. मठाच्या शाळेतही माझी गुपितं तूच सिस्टरांना सांगायचीस, तीही काळजीपोटी. पण मुलगा मागून गाडी घेऊन आला, तर मी एकटी कसली गेले?

म्हणून मी दिवस बदलला आहे. संध्याकाळी अख्खी गल्ली दारात खुर्च्या टाकून बसते आणि पहाटे बेकरीवाली जागी असते. दुपारी जेवणं झाली की मात्र सगळे झोपतात, फेर्मीनसुद्धा. तेव्हाच निघेन.

वार तुलाही सांगत नाही. फाटकाला कडी तेवढी लावू नकोस.

तुझीच,
मेना