आत्याबाईंची बारावी झालेली सून

१२ जाने.
सकाळी गोठ्यात पुस्तक घेऊन बसले. बाकीच्या विषयांचं जमेल, इंग्रजीचं भूत मात्र मानगुटीवर. बावीस वर्षांपूर्वी बारावीला ह्याच एका विषयात नापास झाले. लग्न ठरवताना माझे वडील, अण्णा, "पोरगी बारावी" एवढंच बोलले, सासरच्या झरीकरांनी पास धरलं. ह्यांना नंतर सांगितलं तर नुसते हसले. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायची छाती आजवर झाली नाही. बाहेरून सगळे विषय पुन्हा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, तोही गुपचूप.

१६ जाने.
घरी हळदीकुंकू. आत्याबाई प्रत्येकीला, "आमची सून बारावी हाय बरं का." वाण देताना माझे कान गरम.

१८ जाने.
लेकीचा फोन, परभणीहून. स्नेहल म्हणाली, डिक्शनरीत 'सेट' काढून बघ. काढला. एवढासा शब्द आणि अर्थ दोन पानं! सूर्य मावळला तरी सेट, मोडलेलं हाड बसवलं तरी सेट, पेपर काढला तरी सेट. रडूच आलं. तर म्हणते, "आई, पाठ नको करू. घरात शोध."

१९ जाने.
शोधले. विहिरीवरचा पंपसेट. कपाटातला सोन्याचा सेट (कानातलं नि पोत, पण सेटच म्हणायचं). मागच्या ओट्याचं सिमेंट सेट व्हायचंय, असं ह्यांनीच गवंड्याला सांगितलं. शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्यात सेट झाला. संध्याकाळी दूध विरजताना म्हटलं, आय सेट द कर्ड. स्ने.ला विचारलं, चालतं म्हणे! लय भारी वाटलं.
आत्याबाई : "काय पुटपुटायलीस गं? जप सुरू केलास का?"
हो म्हणाले. देव माफ करो.

३० जाने.
घात झाला. ज्वारीच्या कोठीवर हॉलतिकीट ठेवलं होतं, आत्याबाई ज्वारी काढायला गेल्या.
"ह्याच्यावर तुजा फोटू हाय. काय हाय हे?"
सगळं सांगून टाकलं. रडत रडतच. त्या म्हणाल्या, "बावीस वर्सं गावाला सांगायलेय मी. मला तरी सांगायचं व्हतंस." उठून शेळ्यांना पाला टाकायला गेल्या. जेवताना माझ्याकडं बघितलंही नाही.

३१ जाने.
दिवसभर अबोला. ह्यांनी मध्ये पडून बघितलं, त्यांनाच बोलणी बसली. संध्याकाळी चुलीपाशी आल्या. "पेपर कवा हाय?"
"अकरा तारखेला."
"मग भाकरीचं मी बघते. बस तू."
हातातलं पीठ काढून घेतलं माझ्या. पुस्तक घेऊन बसले.

३ फेब्रु.
अख्ख्या गल्लीला कळलंय. आत्याबाईंनीच सांगितलं! आता पुन्हा नापास झाले तर सगळ्यांसमोर. ह्यांना म्हटलं तर म्हणतात, "व्हशील की नापास. मग?" ह्या माणसाला कसली काळजी म्हणून नाही.

११ फेब्रु.
इंग्रजीचा पेपर झाला. निघताना आत्याबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. दही त्यांनीच लावलेलं. मनात म्हटलं, सेट. एसटीत उभं राहून परभणी. वर्गात सगळी पोरं, एका पोरीला मी सुपरवायझर वाटले, उठून उभी राहिली!
पेपरात सेट कुठंच नव्हता. एवढा जप फुकट. पण अडला शब्द की शेजारचे शब्द बघत गेले, पहिल्यासारखी घाबरले नाही. पत्र चांगलं गेलं. सारांश अर्धा राहिला. पास होईन? खरंच सांगता येत नाही.
घरी आले तर ओट्यावर आत्याबाई. "आलं का लिवायला?" "आलं बऱ्यापैकी." गरम भाकरी, वांग्याची भाजी. पोटभर जेवले, तासभर झोपले.

२० मार्च
पेपर सगळे संपले, निकालाला वेळ आहे. कोठीवर आता उघड्यावर पुस्तक असतं, डिक्शनरी रोज एक पान. कशाला, माहीत नाही. बरं वाटतं.
दुपारी पालमच्या लांबच्या मावशी आल्या. मी चहा ठेवत होते. बाहेर विचारलं त्यांनी, "सून किती शिकलीय हो?"
माझा हात थांबला. बावीस वर्षं ह्या प्रश्नाला एकच उत्तर.
आत्याबाई म्हणाल्या, "शिकायलीय अजून."
चहा उतू गेला. जाऊ दे म्हटलं, दुसरा ठेवला.