तुम्ही न लावलेलं रीळ

अण्णा,

परवा दुपारी तुमचा तो सिनेमा मोबाईलवर पाहिला. तुमच्या जावयानं शोधून काढला. होय, जावयानंच. तुम्ही शेवटपर्यंत तो शब्द तोंडातून काढला नाहीत, म्हणून मी या पत्रात तो मुद्दाम लिहिणार आहे, जिथे जिथे जागा मिळेल तिथे.

सिनेमा तोच. गडगंज बापाचा चैनी मुलगा, रोज नवी गाडी आणि रोज नवी मैत्रीण. मग शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करणारी एक मुलगी त्याला भेटते, आणि साहेब सरळ लग्नच करून मोकळे होतात. बाप त्याला घराबाहेर काढतो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ज्यानं आयुष्यात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही तो पोरगा एका खोलीत संसार कसा करतो, त्याची गंमत. जामखेडच्या आपल्या पत्र्याच्या टॉकीजला हा सिनेमा फिरून फिरून यायचा, कारण लोक हसायला फिरून फिरून यायचे. आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही हसायचात. मी बाजारच्या दिवशी दुपारी तुमचा डबा घेऊन प्रोजेक्टरच्या केबिनचा लोखंडी जिना चढते, तर आत भट्टीसारखं तापलेलं असतं. तुम्ही बनियनवर, खांद्याला टॉवेल, एक डोळा मशीनवर आणि एक त्या वीतभर खिडकीतून पडद्यावर. "आता बग, आता त्यो चपाती करपीवतो," म्हणून मला पुढे ओढून खिडकीशी उभं करता. आणि तो पोरगा बापाच्या तोंडावर सांगतो, लग्न करीन तर तिच्याशीच, तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारून ओरडता, "मर्दा, आस्सं पायजे!" खालचे लोक मान वळवून वर बघतात. मी चौदा वर्षांची आहे. माझे वडील कुणाच्या बाजूचे आहेत हे मला पक्कं कळलं आहे, असं मला वाटतं.

आठ वर्षांनी मी खर्ड्याला बालवाडीवर शिकवत होते. तिथल्या दवाखान्यात हे कंपाउंडर होते. बालवाडीतल्या पोरांना लस टोचायला यायचे आणि सुई टोचण्याआधी प्रत्येकाला नाव विचारून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. एवढंच झालं. सिनेमात होतं तसं बाकी काही झालं नाही. तुम्ही तोवर काष्टीचं स्थळ ठरवत आणलं होतं, दोन विहिरींची बागायत, मुलगा एकटाच. म्हणून मी स्वयंपाकघरातच सांगून टाकलं. तुम्ही जेवत होता, आई भाकरी थापत होती.

"कोन हाय त्यो?"

"दवाखान्यात कंपाउंडर हाय. खर्ड्याचाच."

"कोनाच्यातला?"

"ख्रिश्चन हायेत ते."

तुम्ही हातातला घास ताटात परत ठेवला. "आपल्यातला न्हाई."

"चांगला मानूस हाय, अण्णा."

"आसंल. चांगली मानसं लई हायेत. सगळ्यांस्नी लेक द्याची का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या शिनिमातल्या पोराला तर मर्दा म्हनता तुमी."

आईचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि अजिबात आवाज न चढवता म्हणालात, "तितं मदी पडदा हाय. हितं मी हाय. त्या घरात गेलीस, तर ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई."

मी गेले. नगरला जाऊन नोंदणी लग्न केलं. साक्षीला बालवाडीतल्या दोन बाया आणि ह्यांचे थोरले भाऊ. आईला येऊ दिलं नाहीत. तेव्हा मी रडले असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. मला भूक लागली होती. आम्ही सगळ्यांनी स्टँडसमोर मिसळ खाल्ली आणि खर्ड्याची एसटी धरली.

वर्ष-दीड वर्षानं तो सिनेमा पुन्हा लागला. भोंगा लावलेला टेम्पो खर्ड्यापर्यंत ओरडत आला. मी ह्यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, "कशाला? त्यांना उगाच त्रास व्हायचा." मी म्हटलं, होऊ दे. दुपारच्या खेळाला आम्ही मधल्या रांगेत बसलो आणि दिवे जायच्या आधी मी मागे वळून तुमच्या खिडकीकडे सरळ बघितलं. तुम्ही तिथेच होता.

त्या दिवशी वरून एकदाही हसण्याचा आवाज आला नाही. मध्यंतरात तुम्ही चहाला खाली उतरला नाहीत. लोक मात्र नेहमीसारखे लोटपोट झाले. चपाती करपली, बादली सांडली, नवरा-बायकोचं भांडण झालं आणि मिटलं. आता शेवट. सगळ्या तालुक्याला पाठ होता तो. बाप पेढ्यांचा पुडा घेऊन त्या खोलीचा जिना चढतो, जमिनीवर बसतो आणि सुनेच्या हातची चपाती मागून खातो. आणि नेमका त्याआधीच पडदा पांढरा झाला. मग दिवे लागले. खेळ खलास.

शिट्ट्या, आरडाओरड. "ए ऑपरेटर, म्हातारा कुठाय? म्हाताऱ्याला आण!" हे माझा हात धरत होते तोवर मी जिन्यावर पोचले होते. वर मालक आधीच येऊन उभे होते.

"रीळ तुटलं, मालक," तुम्ही सांगत होता. "जुनी प्रिंट हाय."

रीळ टेबलावर होतं. गुंडाळलेलं, धडधाकट. लहानपणापासून ती रिळं मी बघत आले होते.

"तुटल्यालं न्हाई," मी म्हटलं. "ह्यांनी लावलंच न्हाई."

मालकांनी माझ्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं. त्यांना माझ्या लग्नाचं ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. "लाव बाबा रीळ," ते हळूच म्हणाले. "लोकं खुर्च्या मोडत्याल."

"मी लावनार न्हाई. उद्यापासून यिऊ नको म्हना, चालंल."

"अण्णा," मी म्हटलं, "रीळ न लावल्यानं माझं लगीन मोडत न्हाई."

तुम्ही टॉवेलनं हात पुसत राहिलात, पुसलेलेच हात पुन्हा. मग म्हणालात, "त्यातला बाप जिना चढला, की आख्खा गाव माज्या खिडकीकडं बघनार. ह्यो का न्हाई गेला म्हननार. मला ते नगं." मी म्हटलं, "मग जावा की. खर्डं काय लांब हाय?" तुम्ही रीळ डब्यात घालून झाकण लावलंत. मी जिना उतरले. मालकांनी तुम्हाला आठ दिवस घरी बसवलं आणि दुसरा ऑपरेटर मिळेना म्हणून परत बोलावलं. खर्ड्याला तुम्ही कधीच आला नाहीत.

मग तुम्हाला साखर झाली, पायाला जखम झाली, ती चिघळली. तोवर ह्यांची बदली जामखेडला झाली होती. आईनं निरोप धाडला आणि हे दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर ड्रेसिंगचं सामान घेऊन आपल्या दारात उभे. तीन महिने रोज. मी उंबऱ्याबाहेर उभी राहायचे, कारण माझ्यावरची बंदी तुम्ही उठवली नव्हती. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पाय पुढे करायचा आणि आईला सांगायचा, "त्यो आलाय." एकदा ह्यांना ताप होता म्हणून दुसऱ्या कुणाला पाठवलं, तर तुम्ही त्याला परत घालवलंत. "ह्याचा हात जड हाय. त्याला यिऊ दे." आई ते मला सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. तिला वाटलं, मी विरघळेन. मी नाही विरघळले. हात चालला, माणूस चालला नाही. याला होकार म्हणायला मी तेव्हाही तयार नव्हते, आजही नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मात्र मी कुणाला न विचारता घरात आले. भावकीतले म्हणाले, ह्यांनी खांदा द्यायचा नाही, रीतीला धरून नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तीन महिने ह्या मानसानं तेंचा पाय धुतला, तवा कुटं हुती रीत?" ह्यांनी खांदा दिला. पुढचा, उजवा. तुमच्या जावयानं.

परवा ते शेवटचं रीळ आम्ही दोघांनी पाहिलं. हे मोठ्यानं हसले. मला एवढंच वाटलं, की तो बाप जिना फार पटकन चढतो. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतील आता, अण्णा. टँकरच्या पाण्यावरून भांडलो, लेकीच्या शाळेवरून भांडलो, पण तुम्हाला खरं ठरवायची संधी मी एक दिवसही दिली नाही. माफी मागायला हे लिहीत नाहीये. तुम्हाला माफ करायलाही नाही. तुम्ही चुकला होता, आणि ते तुमच्या हयातीत कुणीतरी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं. त्याचा मला पस्तावा नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला मी सासूबाईंना जांभळ्या काठाची एक साडी दिली. जामखेडच्या बाजारातून मीच आणली होती. त्यांनी विचारलं, कुणी दिली? मी म्हटलं, आमच्या अण्णांनी पाठवलीय. त्या वारेपर्यंत दर नाताळला तीच नेसून चर्चला गेल्या, आणि भेटेल त्याला सांगत राहिल्या, व्याह्यांनी दिलीय म्हणून. मी शेजारी उभी असायचे आणि हो म्हणून मान हलवायचे.